दसऱ्याचा गठ्ठा

कॉम्प्युटर हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला, तेव्हा त्याचा काय उपयोग करायचा हे मला लगेच कळलं. त्यानं एका माणसाचा सूड घ्यायचा. आमच्या शेतकी अधिकाऱ्यांना त्यातून वेळ वाचवायचा होता, चेअरमनना वर्तमानपत्रात नाव यायला हवं होतं, आणि मला आमच्या गटाच्या संचालकांचं नाक भर सभेत कापायचं होतं. एकाहत्तर-बहात्तर सालची गोष्ट आहे. मी तेव्हा आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात, शेतकी विभागात कारकून होते आणि वयाची तेवीस वर्षं नुकतीच पूर्ण केली होती. स्वभावानं मी तेव्हाही तिखट होते. आता म्हातारपणी निवळले असं लोक म्हणतात, त्यांना म्हणू दे.

संचालकांशी माझं वैर कसं जमलं ते आधी सांगते. मी संगमनेरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ते आमच्या घरी आले, मांडी घालून बसले आणि आपल्या मुलासाठी मला मागणी घातली. मुलगा वाईट नव्हता. पण मला पुण्याला जाऊन गणितात एम.एस्सी. करायचं होतं, आणि मी नाही म्हटलं. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तो नकार जितका गोड करून सांगता येईल तितका सांगितला. "पोरगी शिकते म्हनती, आमी काय करावं?" संचालक हसले, चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून चुलीजवळ ठेवली आणि गेले. तो माणूस रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या हंगामात आमच्या रानात तोडणीची टोळी आलीच नाही. उसाच्या मुलखात राहिलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. ऊस पिकला की तो ठरावीक दिवसांत तुटायला हवा. पण तोडणारी टोळी कारखान्याची असते, ती कारखाना पाठवील तेव्हा येते आणि कुणाच्या रानात आधी जायचं ते यादीवर ठरतं. यादी लागणीच्या तारखेनं करायची, ज्यानं आधी लावला त्याचा आधी तोडायचा, असा नियम होता. पण आमच्या गटात ती यादी संचालकांच्या शब्दावर वरखाली व्हायची. त्या वर्षी आमचा अडीच एकर ऊस सगळ्यांच्या मागे राहिला. त्याला तुरे आले, पाचट करकरीत झालं आणि ज्येष्ठात तुटला तेव्हा त्याचं वजन निम्म्यावर आलं होतं.  पैशांअभावी माझं पुणे राहिलं ते कायमचं.

वर्षभरानं मला कारखान्यात नोकरी लागली, तीही मुलाखतीला बसलेल्या त्याच संचालकांच्या होकारानं. "घ्या की, आपल्याच गावची पोरगी हाय," असं ते माझ्यादेखत म्हणाले. त्यांनी विरोध केला असता तरी मी इतकी पेटले नसते. उपकार करून तो माणूस माझ्या डोक्यावर बसला होता, आणि त्याला खाली कसं खेचायचं याचाच विचार मी रोज टेबलाशी बसून करत होते.

मग कॉम्प्युटर आला. म्हणजे यंत्र आलं नाही, यंत्राची माणसं आली. दोन कंपन्या होत्या. एक मोठी, परदेशी, मुंबईला तिचं ऑफिस. तिचा माणूस गाडीतून यायचा, उकाड्यातही टाय सोडायचा नाही, आणि त्यानं संचालक मंडळाला मुंबईला नेऊन थंडगार खोलीतलं आपलं यंत्र दाखवून आणलं होतं. आमचे संचालक परतले ते त्या कंपनीचेच होऊन. "लई मोठी पेढी हाय," एवढंच ते महिनाभर सांगत होते. दुसरी कंपनी पुण्याची, दोन इंजिनियर पोरांनी काढलेली. ती एस.टी.नं यायची, कागदाची भेंडोळी काखोटीला मारून. यंत्रही त्यांचं स्वतःचं नव्हतं, दुसऱ्याचं तासावर भाड्यानं घ्यायची.

शेतकी अधिकाऱ्यांनी दोघांना एकच काम दिलं. आमच्या एका गटाची तोडणीची यादी करून दाखवा. माहितीचे फॉर्म आम्ही भरून द्यायचे, कंपनीनं त्यावरून भोकं पाडलेली कार्डं करायची, ती यंत्रात घालायची आणि छापील यादी आणून द्यायची. मोठ्या कंपनीची रीत सरळ होती. लागणीची तारीख घ्यायची आणि त्या क्रमानं नावं लावायची. पुण्याची पोरं म्हणाली, तारखेनं काय होतं, ऊस पिकलाय का ते बघा. त्यांनी आमच्या लोकांना रानोमाळ हिंडवून प्रत्येक फडातल्या रसाची गोडी हातातल्या एका उपकरणानं मोजून घेतली, त्याला ब्रिक्स म्हणतात, आणि जो पिकलाय तो आधी अशी यादी केली. अधिकाऱ्यांना मनातून ही दुसरी रीत आवडली होती. ते मला म्हणाले होते, "बाई, सभेत तुम्हालाच समजावून सांगायचंय. जे खरं वाटेल ते सांगा."

दोन्ही कंपन्यांचे फॉर्म भरण्याचं काम माझ्याकडे होतं. आणि ते भरताना माझ्या लक्षात एक गंमत आली. आमच्याकडे उसाची लागण दसऱ्याला सुरू करायची पद्धत होती. सुरू म्हणजे काय, तर मुहूर्ताला रानाच्या कोपऱ्यात पाच टिपऱ्या, म्हणजे उसाची कांडी, लावायच्या, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. खरी लागण पुढे पंधरा दिवस, कधी महिनाभर चालायची. पण कारखान्याचा माणूस नोंद करायला आला की सगळे तारीख सांगायचे दसऱ्याची. खोटं बोलतोय असं कुणालाच वाटायचं नाही, मुहूर्त केला म्हणजे लागण झाली. त्यामुळे आमच्या गटातले दोनशेच्या वर फॉर्म एकाच तारखेचे होते. त्यांचा वेगळा गठ्ठाच मी बांधला होता.

चहाच्या वेळी मी टायवाल्याला सहज विचारलं, एका तारखेची दोनशे नावं असली तर यंत्र कुणाला आधी धरतं? तो म्हणाला, कुणालाच नाही. ज्या क्रमानं कार्डं आत जातात त्या क्रमानं बाहेर येतात. कार्डं कुठल्या क्रमानं आत जातात? तुम्ही फॉर्म पाठवाल त्या क्रमानं. त्या दिवशी मी चहा दोनदा प्यायले.

आजवरच्या नोंदी शेअर नंबराच्या क्रमानं असायच्या. संचालक अगदी सुरुवातीचे सभासद, त्यांचा नंबर वरचा, म्हणून दसरेवाल्यांमध्ये ते कायम वर. त्यांच्या नावावर आणि बायको-भावांच्या नावावर मिळून सात फॉर्म होते. मोठ्या कंपनीसाठी गठ्ठा बांधताना मी ते सातही फॉर्म काढले आणि तळाला ठेवले. एक अक्षर खोडलं नाही, एक आकडा बदलला नाही. वरून सुतळीची गाठ मारली. बाकीच्या तारखांचे फॉर्म दुसऱ्या गठ्ठ्यात होते, त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

सभेच्या दोन दिवस आधी दोन्ही याद्या आल्या. मी दार लोटून घेतलं आणि संचालकांचं नाव शोधलं. मोठ्या कंपनीच्या यादीत ते दसरेवाल्यांच्या पार तळाला होते, सगळी सात नावं ओळीनं. माझ्या तोंडून हसू फुटलं. पुण्याच्या पोरांच्या यादीत बघितलं तर स्वारी नवव्या नंबरावर. माणूस कसाही असला तरी शेती उत्तम करायचा, त्याचा ऊस लवकर पिकला होता. त्या नवावर बोट ठेवून मी ठरवलं की ही पुण्याची कंपनी काही आपल्याला चालायची नाही.

सभा त्या वर्षी लांबून गळीत हंगामाच्या तोंडावर आली होती. मांडवात सतरंज्यांवर फेटे-टोप्यांची दाटी, त्यात कुठेतरी दादांचीही टोपी. हे सगळे कारखान्याचे मालक. यातल्या कित्येकांच्या घरी शेअरचं सर्टिफिकेट काचेत बसवून देवाच्या फोटोशेजारी लावलेलं असायचं, आणि त्या काचेच्या जोरावर ते चेअरमनला अरेतुरे करायलाही कमी करत नसत. कॉम्प्युटर कुणीच पाहिला नव्हता. पण पैसा आपला म्हटल्यावर मत प्रत्येकाला होतं.

"जुनी पेढी ती जुनी पेढी," एकजण म्हणाला. "उद्या ही पुन्याची पोरं खोली सोडून गेली तर आमी भाडं मागायला जायचं का यादी मागायला?"

"आन परदेशी कंपनीनं पैसा तिकडं न्हेला मंजी?" दुसऱ्यानं विचारलं. "आपल्या शेअरवर गोऱ्यांनी बंगले बांधायचे व्हय?"

"बैल घेताना आपन काय करतो? औताला जुपून बघतो. दोघान्ला एकच औत द्या."

"दिलंय की, अधिकारी काय सांगत्यात मग मघापासनं!"

एक म्हातारे सभासद, जे दर सभेला प्रश्न विचारायचेच, ते उभे राहिले. "मला येकच सांगा. ह्या मशीनला भाचं-पुतनं हायत का?" मांडव हसून लोटपोट झाला. टायवाला काही न कळून सगळ्यांबरोबर हसला.

मग संचालक उठले. मोठ्या कंपनीची त्यांनी तोंड भरून तारीफ केली. थंड खोली सांगितली, यंत्राचे दिवे सांगितले, मिनिटाला किती कार्डं गिळतं ते सांगितलं. ते खाली बसताच त्याच म्हाताऱ्या सभासदांनी पुन्हा हात वर केला. हा दुसरा प्रश्न त्यांना आदल्या दिवशी ऑफिसात मीच सुचवला होता. "येवढं चांगलं मशीन हाय, तर त्याची यादी यंदापासनंच लावा की. का नुसतीच बघायची?"

संचालकांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. आपला शेअर नंबर वरचा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. "लावा! माझं सोताचं नाव शेवटाला आलं तरी माझी हरकत न्हाई. जी कंपनी सभा पसंत करंल तिची यादी यंदाच लागू. मीच ठराव मांडतो." टाळ्या पडल्या. मी जागेवर बसून गुडघे आवळून धरले होते.

आता राहिलं कंपनी ठरवणं. चेअरमननी मला माईकवर बोलावलं. बाईमाणूस माईकवर येतंय म्हटल्यावर मागचे बिड्या विझवून पुढे सरकले. शेतकी अधिकारी माझ्याकडे विश्वासानं बघत होते. मी दोन्ही रीती नीट समजावल्या, आणि मग कुणीतरी ओरडलं, "बाई, आमाला त्यातलं कळत न्हाई. बरी कंची, ते सांगा." मी म्हणाले, "गोडी मोजतो माणूस. माणसाला ओळखीपाळखी असतात. तारीख एकदा कागदावर लिहिली की कुणाच्या बापाला बदलता येत नाही. मला विचाराल तर तारखेची यादी." त्या मांडवात सगळ्यात खोटी गोष्ट कुठली असेल तर त्या कागदावरच्या तारखा, आणि हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण बोलणं सभेला पटलं. हात वर झाले. पुण्याच्या पोरांनी आपली भेंडोळी गुंडाळायला घेतली. अधिकाऱ्यांनी मान खाली घातली ती यादी वाचायला लागेपर्यंत वर केली नाही.

यादी आमच्या गटाची, वाचली मोठ्यानं. आधीच्या तारखांची नावं झाली. मग दसरा सुरू झाला. दहा नावं, वीस, पन्नास. संचालक पहिल्या रांगेत आरामात टेकून बसले होते. शंभर झाली तेव्हा ते सरळ बसले. दीडशे झाली तेव्हा लोक त्यांच्याकडे बघायला लागले आणि कुणीतरी मागून म्हणालं, "संचालकसाहेब कुठं ऱ्हायले?" त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. मी त्यांच्यावरची नजर हलवली नाही. त्यांचं नाव अगदी शेवटी आलं, मग बायकोचं, मग भावांची, सात नावं एकामागे एक, आणि प्रत्येक नावाला मांडवात हशा वाढत गेला. माझं कॉलेज, माझं पुणे, दादांचं करकरीत पाचट, सगळं त्या सात नावांत वसूल झालं असं मला वाटलं. सुडाची चव खरोखर गोड असते. नसते म्हणणाऱ्यांनी ती चाखलेली नसते.

पुढचं नाव मला ऐकूच आलं नाही. शेजारी बसलेल्या टायपिस्टनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, तुमच्या वडिलांचं नाव वाचलं ना आत्ता?"

दादांनी दसरा सांगितला नव्हता. त्यांनीही मुहूर्ताला पाच टिपऱ्या लावल्या होत्या, पण नोंद करायला आलेल्या माणसाला ते म्हणाले होते, "पाच टिपऱ्या मंजी लागन न्हवं." त्यांनी खरी तारीख दिली होती, दसऱ्यानंतर नऊ दिवसांची, माझ्याच हातानं फॉर्मवर उतरलेली आणि माझ्या ध्यानातून गेलेली. म्हणून त्यांचा फॉर्म त्या दुसऱ्या गठ्ठ्यात होता, आणि म्हणून दोनशेच्या वर दसरेवाले आणि संचालकांची सात नावं संपल्यावर ते आले.

सभा संपल्यावर अधिकाऱ्यांनी मला टेबलाशी बोलावलं. पुण्याच्या पोरांची यादी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "ही तुम्ही पाहिली होती ना?" मी हो म्हटलं. त्यांनी सातव्या नंबरावर पेन्सिल टेकवली. तिथे दादांचं नाव होतं. परवा मी नवावर बोट ठेवून बसले होते, त्याच्या दोनच ओळी वर. अधिकाऱ्यांनी यादी गुंडाळून फायलीत ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी मला कामाव्यतिरिक्त काही विचारलं नाही, आणि त्याचं मला फार लागलं.

ठराव झालेला, यादी छापील, तिच्यात बोट घालायला कुणाला जागाच उरली नाही. त्या वर्षी पाऊस हात राखून पडला होता. माघात पाटाचं पाणी लांबलं, विहिरींनी तळ दाखवला. दसरेवाल्यांचीच तोड सरेना. दादांच्या उसाला तुरे आले. ते रोज बांधावर जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "हाय अजून वल. टिकंल." मी नोकरीवरून आले की त्यांच्याकडे बघणं टाळायचे.

आणि संचालक? त्या माणसानं एक दिवसही वाट पाहिली नाही. पौषातच स्वतःच्या रानात गुऱ्हाळ टाकलं, चरक बसवला, कढई चढवली आणि आपला सगळा ऊस गाळून गूळ करून मोकळा झाला. गुळाला त्या साली भाव चांगला होता. ज्याला खड्ड्यात ढकलायला मी सगळा घाट घातला तो बाजूनं चालत निघून गेला, आणि गावात म्हणायला लागला, की सभेचा निर्णय मी हसत सोसला. लोकही म्हणायला लागले, माणूस मोठ्या मनाचा आहे. रागानं मला जेवण जाईना.

फाल्गुनात एके सकाळी दादा टोपी घालून संचालकांच्या रानात गेले. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ते त्यांच्याशी बोलले नव्हते. ऊस तुमच्या चरकाला घालू का, असं विचारायला गेले होते. दुपारी परत आले ते गुळाची एक छोटी ढेप घेऊन. ती त्यांनी आईकडे दिली, पाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले. रविवार होता, मी घरीच होते.

"घाला म्हनलं," ते म्हणाले. "बैल बी देतो म्हनलं. चांगलं बोललं."

मी म्हणाले, "दादा, त्या माणसाच्या दारात कशाला गेलात? मेला असता ऊस तर मेला असता."

"तुझा न्हाई, माझा मेला असता." त्यांनी ओले पाय पुसले. "त्यान्ला ठावं हाय समदं. म्हनलं, पोरगी लई हुशार हाय तुमची, गठ्ठा तिनंच बांधला आसनार. सभंत माझी नावं वाचत हुते तवा मी तिच्या तोंडाकडंच बघत हुतो, म्हनलं."

माझे कान तापले. मी म्हणाले, "कळलं ना त्याला? बरं झालं. कळायलाच हवं होतं."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आवाज चढवणं त्यांना कधी जमलंच नाही.

"मी बी तुझ्याच तोंडाकडं बघत हुतो, बाय," ते म्हणाले. "माझं नाव पुकारलं, तवा बी तू त्याच्याकडंच बघत हुतीस."